सोलापुरात बेसबॉलचा स्कोअर मोबाइलवर ठेवताना: ॲप, वही आणि पिचरचा खांदा

शॉर्टस्टॉप६ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

शालेय बेसबॉल-सॉफ्टबॉलचा हंगाम तोंडावर आलाय. निदान आपल्या ओळखीतल्या संघांनी तरी यंदा स्कोअर मोबाइल ॲपवर ठेवावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, म्हणून हा धागा. मी कॉलेजपर्यंत शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली फिल्डर) खेळले. आता मुलामुलींना शिकवते आणि मॅचला स्कोअर टेबलवरही बसते.

आपल्याकडे मॅच झाली की मागे राहतात फक्त दोन आकडे. समजा ९-४. दोन आऊट असताना डबल (एका फटक्यात सेकंड बेस गाठून देणारा हिट) कुणी मारला, थर्ड बेसच्या पोरीने आडवं पडून कोणता बॉल अडवला, पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्याने, एकूण किती बॉल टाकले, याची नोंद कुठेच नसते. टेनिस बॉल क्रिकेट खेळणाऱ्या पोराच्या फोनमध्ये क्रिकहीरोज ॲपवर त्याचा गल्लीतल्या मॅचपासूनचा हिशेब सापडतो. बेसबॉल खेळणाऱ्या पोरीच्या हातात मात्र फक्त प्रमाणपत्र. मला हे बरोबर वाटत नाही.

आता कामाचं. बेसबॉलसाठी 'गेमचेंजर' आणि 'आयस्कोअर' ही नावं जास्त ऐकू येतात, आणखीही आहेत. कोणतंही घेतलं तरी आतली रीत साधारण एकच. आधी दोन्ही संघांची बॅटिंग ऑर्डर आणि फिल्डिंगच्या जागा भरायच्या. मग प्रत्येक पिचला (पिचरने बॅटरकडे टाकलेल्या प्रत्येक बॉलला) एक बटण: बॉल (झोनबाहेर गेलेला आणि बॅटरने सोडलेला; चार झाले की फर्स्ट बेस फुकट, त्याला वॉक म्हणतात), स्ट्राइक (झोनमधून गेलेला किंवा बॅट फिरवून हुकलेला; तीन झाले की आऊट), फाऊल (मारलेला पण रेषेबाहेर गेलेला) किंवा बॉल खेळात. बॉल खेळात गेला की ॲप विचारतं, कुठे गेला, कुणी उचलला, कुणाकडे फेकला.

इथे जागांचे नंबर पाठ हवेत. १ पिचर, २ कॅचर, ३ फर्स्ट बेस, ४ सेकंड बेस, ५ थर्ड बेस, ६ शॉर्टस्टॉप, ७ लेफ्ट फील्ड, ८ सेंटर, ९ राइट. जर्सीच्या नंबरशी यांचा काही संबंध नाही. ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा बॉल) शॉर्टकडे गेला, तिने सेकंड बेसला दिला, तिथून फर्स्टला, दोन आऊट: लिहायचं ६-४-३. हे डोक्यात बसलं की स्क्रीनवर बोट आपोआप चालतं. बसलं नसेल तर प्रत्येक बॉलला चाचपडावं लागतं आणि तोवर पुढचा पिच पडलेला असतो.

क्रिकेटचा स्कोअरर इथे आला की एका गोष्टीला अडखळतो. क्रिकेटमध्ये वाइड, नो बॉल, लेगबाय, सगळं अंपायर हाताने दाखवतो. स्कोअररने हात वर करून पोच द्यायची आणि लिहायचं. बेसबॉलमध्ये बॅटर बेसकडे पळाली की अंपायर सेफ की आऊट एवढंच सांगतो. बॅटर फर्स्ट बेसला पोचली ती तिच्या हिटमुळे की फिल्डरच्या चुकीमुळे, हे स्कोअररने ठरवायचं असतं. ॲप दोन बटणं पुढे करतं आणि थांबतं. तुम्ही एरर दाबलं तर बॅटरची सरासरी खाली जाते, फिल्डरच्या नावावर चूक लागते, आणि त्यातून झालेला रन बहुतेक वेळा पिचरच्या खात्यातून सुटतो. एका बोटाने तीन जणींचा हिशेब बदलतो.

नियम सांगतो की नेहमीच्या प्रयत्नात आऊट व्हायलाच हवी होती, तर एरर. हा 'नेहमीचा प्रयत्न' त्या पातळीवरच्या सरासरी खेळाडूचा धरायचा, आणि मैदान व हवामान कसं आहे तेही बघायचं, असं नियमातच आहे. टीव्हीवरच्या शॉर्टस्टॉपने जो बॉल सहज उचलला असता तो आपल्या सातवी-आठवीतल्या पोरीने सोडला, तर लगेच एरर दाबू नका. आपल्या मैदानांवर खडे असतात, जमीन उन्हाने कडक झालेली असते, बॉल शेवटच्या क्षणी उडतो. असा वेडावाकडा उडालेला बॉल हिटच. बॉल नीट उचलला पण फेकायला उशीर झाला, तरी एरर नाही. सरळ आलेला बॉल पायांमधून गेला तर मात्र एरर, मग त्याला ग्लोव्ह लागो न लागो.

दुसरी अडचण सुटलेल्या तिसऱ्या स्ट्राइकची. तिसरा स्ट्राइक झाला, कॅचरच्या हातून बॉल निसटला, आणि फर्स्ट बेस रिकामा आहे किंवा दोन आऊट झालेत, तर बॅटर पळू शकते. ती पोचली तरी पिचरला स्ट्राइकआऊट मिळतो. त्यामुळे एका इनिंगमध्ये चार स्ट्राइकआऊटही होऊ शकतात. ॲपमध्ये याचा पर्याय बहुधा एक पायरी आत लपलेला असतो. मॅचच्या आधी घरी शोधून ठेवा.

आणि ज्यासाठी मी इतकं लिहितेय ते आता. ॲप प्रत्येक पिच मोजतं. वहीवर स्कोअर ठेवताना आपण आऊट आणि रन लिहितो, पिच मोजायचं राहून जातं. आपल्या स्पर्धा दोन-तीन दिवसांत उरकतात. सकाळी एक मॅच, दुपारी दुसरी, आणि दोन्हीकडे तोच पिचर, कारण संघात चांगला टाकणारा तोच. संध्याकाळी त्याचा हात वर जात नाही. एकूण किती टाकले हे कुणालाच सांगता येत नाही.

अमेरिकेत मेजर लीग (तिथली व्यावसायिक बेसबॉल लीग) आणि यूएसए बेसबॉल (तिथली राष्ट्रीय संघटना) यांनी मिळून 'पिच स्मार्ट' नावाने वयानुसार मर्यादा ठरवून दिल्या आहेत. दिवसाला जास्तीत जास्त ११-१२ वर्षांसाठी ८५ पिच, १३ ते १६ साठी ९५, १७-१८ साठी १०५. त्यानंतर विश्रांती: १४ वर्षांपर्यंतच्या मुलाने २० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी चालेल, २१ ते ३५ ला एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ आणि वर गेलं की चार दिवस. फाऊल गेलेला पिचही मोजायचा. वॉर्मअपचे धरायचे नाहीत. दोन दिवसांच्या स्पर्धेत या हिशेबाने एक पिचर पुरणारच नाही, आणि ॲपवरचा आकडा समोर दिसला की हे प्रत्येक कोचला कळेल.

तुमचे अनुभव लिहा. शंकाही विचारा.

पार्कचौक

छान लिहिलंय ताई. आम्ही क्रिकेटवाले, पार्क स्टेडियमच्या आसपास वाढलेलो. मला एक विचारायचं होतं. क्रिकेटमध्ये कॅच सुटला तर स्कोअरबुकात त्याचा मागमूस राहत नाही, बॅट्समन पुढे शंभर करतो. बेसबॉलमध्ये सुटलेला कॅच पण लिहितात काय? आणि फाऊल एरियातला सुटला तर?

शॉर्टस्टॉप६

लिहितात, तेही फिल्डरच्या नावासकट. सोपा फ्लाय (उंच उडालेला बॉल) सुटून बॅटर बेसवर पोचली तर एरर. फाऊल एरियातला सोपा कॅच सुटला आणि त्यामुळे बॅटरला आणखी संधी मिळाली तर तोही एरर, जरी ती पुढच्याच पिचला आऊट झाली तरी. ॲपमध्ये यासाठी साधं 'फाऊल' बटण दाबून पुढे जाऊ नका. त्याने स्ट्राइक मोजला जाईल, एरर राहून जाईल.

पण हे आकडे पोरांपुढे कसे ठेवायचे याचाही विचार करायला हवा. मी संघाच्या ग्रुपवर एरर कधीच टाकत नाही. ज्याचे त्याला, एकट्याला बसवून दाखवते.

वहीवाला

मी बरीच वर्षं शाळांच्या स्पर्धांना स्कोअर टेबलवर बसत आलोय. वहीवर. ॲपला माझा विरोध नाही, पण घाईला आहे. नव्या पोराच्या हातात थेट ॲप दिलं तर तो बटणं शिकतो, खेळ शिकत नाही. वहीत बॅटरचा चौकोन काढून तो कोणत्या बेसपर्यंत कसा गेला हे पेन्सिलीने ओढताना प्रत्येक पाऊल डोळ्यांपुढून जातं. निदान सुरुवातीचे काही सामने वहीवर झाल्याशिवाय मी कुणाला मोबाइल देणार नाही.

पार्कचौक यांच्यासाठी एक माहिती. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर (सामन्याचा आकड्यांचा तक्ता) ज्याने रूढ केला तो हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडमधल्या एक्झेटरचा. लहानपणी अमेरिकेत गेला आणि तिथे वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. बेसबॉलचा त्याचा बॉक्स स्कोअर १८५९ चा. म्हणजे हा सगळा हिशेब क्रिकेट लिहिणाऱ्या माणसाच्या हातून आलेला आहे. तुम्ही उगाच परकं समजू नका.

आता एक गोष्ट जी ॲपवाले हमखास विसरतात: ताळा. मॅच संपली की प्रत्येक संघाचा ताळा जुळायलाच हवा. एका बाजूला त्या संघाचे ॲट-बॅट (सरासरीत धरल्या जाणाऱ्या बॅटिंगच्या पाळ्या), वॉक, पिच अंगाला लागून मिळालेले बेस, सॅक्रिफाइस (स्वतः आऊट होऊन रनरला पुढे नेणारे फटके) आणि कॅचरने अडथळा केल्याने मिळालेले बेस, या सगळ्यांची बेरीज. दुसऱ्या बाजूला त्यांचे रन, बेसवर अडकून राहिलेले रनर आणि समोरच्या संघाचे पुटआऊट (त्यांनी घेतलेले आऊट). दोन्ही बेरजा समान. जुळल्या नाहीत तर कुठेतरी एक बॅटर हरवलाय.

शॉर्टस्टॉप६

सर, ताळ्याबद्दल अगदी मान्य. साधं कारण आहे: जी बॅटर प्लेटवर (बॅटिंगच्या जागेवर) आली ती शेवटी आऊट होणार, रन करणार किंवा बेसवर राहणार. चौथी जागा नाही.

ॲपवर ताळा आपोआप जुळेल असं वाटतं, पण घाईत एखादी बॅटर गाळली आणि पुढची तिच्या जागी खेळवली, तर बेरीज जुळते आणि नावं चुकतात. हे ताळ्यात पकडता येत नाही. म्हणून मी दर इनिंगनंतर दोन्ही डगआऊटना (संघांच्या बाकांवर) एकच विचारते: पुढची बॅटर कोण? त्यांचं उत्तर आणि स्क्रीनवरचं नाव एक असेल तर पुढे.

वही आधी की ॲप आधी, यावर माझं थोडं वेगळं मत आहे. पहिल्या मॅचला दोघं बसवा. एकाने वही, एकाने ॲप, आणि वहीवाल्याने मोठ्याने बोलायचं: "सहा-तीन, आऊट." ॲपवाला ऐकतो आणि दाबतो. दोघंही शिकतात. पोरं आज मोबाइलवरच शिकतात. त्यांना तो मिळण्याआधी हंगाम संपला तर ती स्कोअरिंगकडे परत फिरकणार नाहीत.

वहीवाला

दोघांचं चालेल. मोठ्याने बोलणं ही चांगली सवय आहे, आमचे सर तेच करायला लावायचे. पण वहीवर पेन्सिलच, बॉलपेन नाही. हिट-एररचा निर्णय इनिंग संपल्यावर बदलावा लागतो कधी कधी. मेजर लीगच्या अधिकृत स्कोअररलाही असे निर्णय पक्के करायला सामना संपल्यापासून २४ तासांची मुभा आहे. मैदानावर कोच येऊन ओरडला म्हणून जागेवर बदलायचं नाही, शांतपणे विचार करून बदलायचं.

होटगीरोड

माझी मुलगी खेळते. मी स्वतः खेळातलं फार जाणत नाही. तिचे बाबा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत, मॅचच्या दिवशी सुट्टी मिळत नाही. लिंकवर चालू मॅच दिसते असं ऐकलं. ते खरं आहे का? आणि मुलीचं पूर्ण नाव, शाळा, फोटो असं सगळं इंटरनेटवर जाणार का? ती काळजी वाटते.

शॉर्टस्टॉप६

ताई, हो, दिसते. बऱ्याच ॲपमध्ये स्कोअर भरला की लिंक असलेल्याला प्रत्येक पिच कळतो: काउंट (बॉल-स्ट्राइकची संख्या) किती, बेसवर कोण, किती आऊट. मैदानावर रेंज नसली तर ॲप फोनमध्ये नोंद ठेवतं आणि रेंज आल्यावर पुढे पाठवतं, तेव्हा बाबांना थोडं उशिरा दिसेल. तिच्या बाबांनी जेवणाच्या सुट्टीत उघडलं तरी आतापर्यंत काय झालं ते सगळं वर-खाली करून वाचता येतं. तिने डबल मारला असेल तर तिच्या नावापुढे डबल दिसेल. माझ्या दृष्टीने या ॲपचा हा फार मोठा उपयोग आहे, आणि आपल्या गावात तर नक्कीच, जिथे आई-बाप दिवसा मागावर किंवा विड्या वळायला बसलेले असतात.

नावाचं तुम्ही विचारलंत ते फार चांगलं केलंत. आम्ही पहिलं नाव आणि जर्सी नंबर एवढंच भरतो. आडनाव नाही, फोटो नाही, जन्मतारीख नाही. संघ सर्वांसाठी खुला न ठेवता फक्त बोलावलेल्यांना दिसेल असा ठेवायचा. आणि भरण्याआधी पालकांना विचारायचं. कुणी नको म्हटलं तर नावाच्या जागी नुसता नंबर.

होटगीरोड

खूप आभार. त्यांना दाखवते आज.

कोच_अक्कलकोट

पिचच्या मर्यादेबद्दल. वाचायला बरोबर आहे, पण आमच्या शाळेत पिचर एकच आहे. बाकीच्यांना स्ट्राइक टाकता येत नाही. ९५ झाले म्हणून त्याला काढला आणि दुसऱ्याने ओळीने वॉक दिले तर दहा रन जातात, मॅच जाते, पोरं रडतात. जिल्ह्याच्या पुढे जायचं स्वप्न असतं त्यांचं. दहावीला क्रीडा गुणांचा प्रश्न असतो. नियम अमेरिकेचे, तिथे एका संघात सहा-सहा पिचर असतील. आम्ही काय करायचं?

खांदाकोपर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सर, तुमची अडचण खरी आहे, पण एक बाजू मी मांडते.

१३-१४ वर्षांच्या मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूला हाडाची वाढ अजून चालू असते. तिथली वाढीची जागा कुर्चेची, हाडापेक्षा नाजूक. जोरात फेकताना नेमका तिथेच ताण येतो. विश्रांतीशिवाय तो पुन्हा पुन्हा आला की ती जागा दुखावते, सुजते, कधी हाडाचा तुकडा सुटतो. खांद्यातही तेच. मोठ्या वयात हाड टिकतं पण आतलं लिगामेंट फाटतं. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरचं ते लिगामेंट नव्याने बसवलं, ती शस्त्रक्रिया आज त्याच्या नावाने ओळखली जाते. आपल्या मुलांवर ती वेळ येऊ नये.

माझ्याकडे येणारी मुलं हमखास एक वाक्य बोलतात, "मॅचमध्ये दुखत नव्हतं, रात्री दुखायला लागलं." मॅचच्या भरात कळत नाही. म्हणून दुखतंय का असं विचारून भागत नाही, मोजावंच लागतं.

अजून एक. पिचर बदलला की त्याला कॅचरला उभं करायची पद्धत दिसते, कारण हात चांगला असतो. कॅचरही प्रत्येक पिच परत फेकतो. 'पिच स्मार्ट'मध्येही ही जोडी टाळायला सांगितलंय. त्याला फर्स्ट बेसला पाठवा.

शॉर्टस्टॉप६

खांदाकोपर ताईंनी लिहिलंय त्याला माझा दुजोरा.

कोच सर, तुमच्या प्रश्नाला माझं प्रामाणिक उत्तर: हंगामाच्या आधी. मॅचच्या दिवशी दुसरा पिचर तयार होत नाही. आत्तापासून थर्ड बेस, शॉर्ट, सेंटर फील्ड या तिघांना रोज थोडे पिच टाकायला लावा. वेग नको, कर्व्ह (वळणारा बॉल) नको, फक्त सरळ बॉल आणि प्लेटवर. शालेय पातळीवर स्ट्राइक टाकणारा मध्यम पिचर पुरतो, कारण बॅटरला मारावं लागतं आणि मारलेले बरेच बॉल फिल्डरकडेच जातात. ॲपचा उपयोग सरावातही होतो. प्रत्येकाचे दहा पिच टाकून त्यातले स्ट्राइक किती ते नोंदवा, दोन-तीन आठवड्यांत कोण सुधारतंय ते दिसेल.

मॅचमध्ये मुख्य पिचरला पहिल्याच सामन्यात शेवटपर्यंत ठेवू नका. सामना हातात आला असेल तर ३५ च्या आत काढा, म्हणजे १४ वर्षांपर्यंतच्या मुलाला एका दिवसाची विश्रांती पुरेल. ५० ओलांडले की तो स्पर्धेतून गेला असंच धरा. हा निर्णय तिसऱ्या-चौथ्या इनिंगला घ्यायचा असतो आणि तेव्हा हातात आकडा लागतो.

मॅच हरली तर पोरं रडतील, सर. मी पाहिलंय. तरीही मी त्याला काढेन.

कोच_अक्कलकोट

ठीक. दोन पोरं बघून ठेवलीत, सोमवारपासून टाकायला लावतो. स्कोअरला दहावीतली एक मुलगी बसवायचा विचार आहे, गणित पक्कं आहे तिचं. तुमच्याकडे एखाद्या रविवारी पाठवली तर चालेल का?

शॉर्टस्टॉप६

नक्की पाठवा. सोबत वही आणि पेन्सिल द्या, वहीवाला सरांच्या समाधानासाठी आणि माझ्याही.

पार्कचौक

उन्हाचं काय करता ते सांगा की. आमच्याकडे क्रिकेटला दुपारी फोन तापून बंद पडालेत. मागच्या हंगामात स्कोअर मधेच अडकला, मग कागदावर लिहून रात्री भरत बसलो.

शॉर्टस्टॉप६

आयफोनवाल्या कंपनीची शिफारसच ० ते ३५ अंशांची आहे, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. फोन उन्हात टेबलावर पडू द्यायचा नाही, टेबलावर छत्री किंवा ओली चादर बांधून सावली करायची. फोनचं जाड कव्हर काढा. चार्जिंग चालू ठेवून स्कोअर भरू नका, त्याने फोन आणखी तापतो. दोन इनिंगच्या मधल्या वेळात पॉवर बँक लावा. मध्ये फोन आला की स्क्रीन जाते, म्हणून 'डू नॉट डिस्टर्ब' चालू. आणि मॅच शक्यतो सकाळी सातला सुरू करा, त्यात सगळ्यांचंच भलं आहे.

जानेवारीत वेगळी अडचण. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदान मिळत नाही, मॅचेस कुमठा नाक्याला नाहीतर कॉलेजच्या ग्राउंडवर. तिथे टेबल कुठे ठेवायचं हे आधी बघून घ्या. होम प्लेटच्या मागे, थोडं बाजूला बसलात तरच हिट-एरर नीट दिसतो. आऊटफिल्डच्या कडेला बसून नुसता अंदाज होतो.

बार्शीकर

नवीन आहे, साधा प्रश्न. फर्स्ट बेसवर रनर होती. बॅटरने ग्राउंडर मारला, शॉर्टने सेकंड बेसला टाकून त्या रनरला आऊट केलं. बॅटर फर्स्टला पोचली. हा हिट ना?

वहीवाला

नाही. फिल्डरने बॅटरऐवजी पुढच्या रनरला आऊट करायचं निवडलं. याला फिल्डर्स चॉइस म्हणतात. ॲट-बॅट मोजला जातो, हिट मिळत नाही, एररही नाही. वहीत एफसी लिहायचं, रनरच्या चौकोनात ६-४. ॲपमध्ये घाईने सिंगल दाबलं जातं आणि पोरीची सरासरी फुगते. तिला स्वतःलाही ती नको असते, खेळणाऱ्याला कळतं आपण काय मारलं ते.

बार्शीकर

समजलं सर. आणि कॅचरकडून बॉल मागे गेला, रनर पुढे सरकली. वाइल्ड पिच की पास्ड बॉल?

वहीवाला

पिच इतका खराब की कॅचरला नेहमीच्या प्रयत्नात अडवता आला नसता, तर वाइल्ड पिच, पिचरच्या नावावर. अडवायला हवा होता तर पास्ड बॉल, कॅचरच्या नावावर. प्लेटच्या आधी जमिनीला लागून आलेला पिच असला तर वाइल्ड पिचच. फरक रनमध्ये पडतो: वाइल्ड पिचमुळे आलेला रन पिचरच्या खात्यात धरतात, पास्ड बॉलमुळे आलेला धरत नाहीत. अर्न्ड रन (पिचरच्या खात्यात धरायचे रन) काढताना एरर आणि पास्ड बॉल झालेच नसते तर इनिंग कशी गेली असती, ती मनात पुन्हा खेळवायची. ॲप यात मदत करतं, पण इनिंगमध्ये दोन एरर असतील तर स्वतः एकदा तपासा.

सॉफ्टबॉल_पुणे

सोलापूरकरांना नमस्कार. सॉफ्टबॉलसाठी ॲप वापरणाऱ्यांनी सेटिंगमध्ये खेळ बदलायला विसरू नका. सॉफ्टबॉलला सात इनिंग, बेसमधलं अंतर ६० फूट, बेसबॉलला ९०. मुख्य अडचण बदली खेळाडूंची. बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू परत येत नाही. सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीच्या संघातली खेळाडू एकदा परत येऊ शकते, पण बॅटिंग ऑर्डरमधल्या तिच्याच जागी. ॲप बेसबॉलवर असेल तर ते तिला परत घेऊ देत नाही, आणि मग लोक नवीन खेळाडू म्हणून तिचंच नाव दुसऱ्यांदा भरतात. तिथून पुढे तिचे आकडे दोन जागी तुटतात.

शॉर्टस्टॉप६

हे फार उपयोगी, धन्यवाद. वय आणि स्पर्धेप्रमाणे लहान मैदानावर खेळवतात तेव्हा अंतर आणि इनिंगची संख्या दोन्ही आयोजकांना विचारूनच भरा.

बार्शीकर

शेवटचं एक. सामना बरोबरीत राहिला आणि टायब्रेकर लागला तर? सेकंड बेसवर आयती रनर उभी करतात म्हणे. ती ॲपमध्ये कुठून आणायची?

शॉर्टस्टॉप६

मेजर लीगच्या नियमित हंगामात २०२० पासून हे आहे, दहाव्या इनिंगपासून प्रत्येक हाफला सेकंड बेसवर एक रनर. आपल्या स्पर्धेत लागू आहे का आणि कितव्या इनिंगपासून, हे मॅचआधी विचारा. उभी करायची ती साधारणपणे त्या इनिंगच्या पहिल्या बॅटरच्या आधीची, म्हणजे बॅटिंग ऑर्डरमध्ये तिच्या लगेच वरची. ॲपच्या सेटिंगमध्ये टायब्रेकर किंवा एक्स्ट्रा इनिंगचा पर्याय असतो. तो चालू केला की रनर आपोआप बेसवर दिसते. नसेल तर रनर हाताने ठेवता येते का ते आधीच करून बघा.

तिने रन केला तर तो पिचरचा अर्न्ड रन धरत नाहीत. आणि वहीवाला सरांचा ताळा लावताना लक्षात ठेवा, ही रनर बॅटिंग न करता आलेली आहे. म्हणून ॲट-बॅटच्या बाजूच्या बेरजेत अशा प्रत्येक रनरसाठी एक मिळवायचा, तेव्हाच दोन्ही बाजू जुळतील.

वहीवाला

बरोबर. वहीत त्या रनरच्या चौकोनात सेकंड बेसपर्यंतची रेघ तुटक काढा, म्हणजे नंतर बघणाऱ्याला ती पळून गेलेली नाही हे कळेल.